पेटी वाजते, पण चुकीची

नाव: शेलार गहिनीनाथ रंगनाथ. वय: वर्षे सहासष्ट. राहणार: बेलापूर, तालुका श्रीरामपूर, जिल्हा अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर). व्यवसाय: विद्युत व ध्वनी उपकरणे दुरुस्ती, प्रवर्ग कुशल. अनुभव: सेहेचाळीस वर्षे. बांधा: किरकोळ. ओळखीची खूण: उजव्या तर्जनीच्या पेरावर भाजल्याचा जुना व्रण. दृष्टी: डाव्या डोळ्याची मोतीबिंदू शस्त्रक्रिया झालेली, रंगओळख निर्दोष, डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. केलेल्या कामांचे लेखी अभिलेख: निरंक. सदर इसम कोणत्याही उपकरणाची दुरुस्ती, आराखडा अथवा माहितीपुस्तिका उपलब्ध नसतानाही, करू शकतो असे स्थानिक चौकशीअंती आढळून आले.

यंदा दिवाळीच्या तोंडावर गावातल्या कारागिरांची नोंद झाली, तेव्हाचं हे वर्णन. स्थानिक चौकशी म्हणजे नोंद घेणाऱ्यानं शेजारच्या श्रीमंत नावाच्या शिंप्याला विचारलं, आणि श्रीमंतनं शिलाई मशीनवरून मान न उचलता सांगितलं, "करतो की. काय बी करतो. कवा देईल त्याचं मातर इचारू नका." यातला पहिला भाग नोंदीत आला. रंगओळखीचा दाखला एका दुरुस्ती करणाऱ्या माणसानं मुळात काढलाच कशाला, असा रकाना त्या नमुन्यात नव्हता.

गहिनीनाथचं दुकान बेलापुरात बसस्टँडच्या मागच्या गल्लीत आहे. दहा बाय आठची खोली. पाटीवर "रेडिओ, टेप, व्हॉल्व्ह सेट" असं लिहिलेलं आहे आणि आत मिक्सर, पंखे आणि विहिरीवरच्या मोटारींचे स्टार्टर येतात. व्हॉल्व्ह म्हणजे जुन्या रेडिओत मंद पेटायचे ते काचेचे दिवे. त्यांचं काम तो नगरला शिकला, माळीवाड्यातल्या एका रेडिओ मास्तरांकडं, तीन वर्षं. मास्तरांची एक परीक्षा असे. दुपारी दुकानाचं अर्धं शटर ओढून अंधार करायचा, पत्र्याच्या डब्यातून जुने रेझिस्टर मूठभर काढून समोर टाकायचे आणि एकेकाची किंमत विचारायची. रेझिस्टर म्हणजे विजेच्या वाटेतला अडसर. कुणी थोडं अडवतो, कुणी फार, आणि किती अडवतो ते त्याच्या रंगावरून कळतं. हल्लीच्या रेझिस्टरांना रंगीत पट्टे असतात. फार जुन्यांना नसत. ते शेंगेएवढे जाडजूड, अंगाला एक रंग, टोकाला दुसरा, आणि मधोमध एक ठिपका. "अंग, टोक, ठिपका," मास्तर म्हणत. अंग पहिला आकडा, टोक दुसरा आकडा, आणि ठिपका सांगतो पुढं शून्यं किती. लाल ठिपका दोन शून्यं, नारिंगी तीन, पिवळा चार.

गहिनीनाथ शिकत होता तेव्हाच हे रेझिस्टर बाजारातून गेले होते. तरी त्यानं ते पाठ केलं, आणि पुढं चाळीस-पंचेचाळीस वर्षं ते त्याच्या डोक्यात पडून राहिलं. आसपासच्या तीन तालुक्यांत ही विद्या येणारा तो एकटा उरला होता. विचारणारा कोणी उरला नव्हता.

महाशिवरात्र झाली त्या आठवड्यात बिभीषण त्याच्याकडं पेटी घेऊन आला. बिभीषण बेलापूरपासून चार किलोमीटरवरच्या वाडीचा, वय एकाहत्तर. एके काळी त्याची बेंजो पार्टी होती. टंकयंत्रासारखी बटणं असलेलं हे तारांचं वाद्य विजेच्या पेटीला जोडलं की एक माणूस अख्ख्या वरातीला पुरतो. बिभीषणची पेटी मात्र बेंजोची नव्हतीच. चाळीस वर्षांमागं त्यानं ती भिंगारला एका भंगाराच्या दुकानातून उचलली होती. दुकानदार म्हणाला होता, लष्कराच्या कॅम्पातल्या कुठल्याशा साहेबाची गिटार वाजवायची पेटी आहे. यापलीकडं तिची माहिती नाही. समोर जिथं कंपनीच्या नावाची पट्टी असायची तिथं चार स्क्रूची भोकं होती. मागची फळी दगडाबाईंनी, म्हणजे बिभीषणच्या बायकोनं, मागेच कोंबड्यांच्या खुराड्याला लावली होती, त्यामुळं आतली सगळी आतडी उघडी.

"गैनीनाथ, ही वाजली पायजे," बिभीषण म्हणाला.

"बंद कवा पडली?"

"ही न्हाई पडली, आमी पडलो. डीजे आला तवा माळ्यावर ठिवली हिला. अकरा वर्सं झाली."

"मग आता काय डीजे गेला का?"

"गेला. औंदा जत्रंत डीजे न्हाई. पोलिसांची नोटीस आली हाय. पालखीपुढं पारंपरिक वाद्य पायजे म्हनून कमिटीनं ठरीवलं."

"बेंजो पारंपरिक कवापासनं झाला?"

"डीजे आल्यापासनं," बिभीषण म्हणाला.

गोष्ट अशी होती. वाडीची जत्रा चैत्र पौर्णिमेला. यात्रा कमिटीचा अध्यक्ष आसाराम यानं बिभीषणला पालखीपुढं वाजवायला जागा देऊ केली होती, पण अट घालून. पाडव्याला दुपारी चार वाजता देवळात बैठक, तिथं पेटी वाजवून दाखवायची. नाही वाजली तर शेजारच्या तालुक्यातली कीबोर्ड पार्टी तयार होती. नवीन पेटीवर वाजव म्हणून आसारामनंच सुचवलं होतं. बिभीषणनं एकदा वाजवून पाहिलं. पत्र्यावर कुणी खडे टाकावेत तसं वाजलं, म्हणून त्यानं बेंजो परत पिशवीत घातला.

"बोटं आजून दोन वर्सं चालतील," तो म्हणाला. "त्याच्या फुडं तू ही दुरुस्त केली काय अन् न केली काय, सारखंच."

"व्हॉल्व्हचं हाय. करतो," गहिनीनाथ म्हणाला. हे तो जरा मोठ्यानं म्हणाला, कारण पलीकडं श्रीमंत ऐकत होता.

पहिले दोन दिवस त्यानं पेटी नुसती साफ केली. ब्रशनं धूळ, कोळ्यांची घरं, आणि एका व्हॉल्व्हच्या बुडाशी गांधीलमाशीनं बांधलेलं मातीचं घर. मग प्रवाहाच्या वाटेत शंभराचा बल्ब जोडून पेटीला हळूहळू वीज दाखवली. हा त्याचा जुना रिवाज. आत काही जळायचं असेल तर आधी बल्ब पेटतो आणि माणूस वाचतो. बल्ब पेटला. वीज साठवणारे दोन कंडेन्सर फुगलेले सापडले, ते बदलले. चार व्हॉल्व्हांपैकी एक मेलेला होता, त्याच्या जागी डब्यातला जुना बसवला. तिसऱ्या दिवशी सकाळी साडेअकराला त्यानं बेंजो जोडला आणि एक बटण दाबून तार छेडली.

पेटी वाजली. पाठीमागं थोडी गुरगुर होती, पण आवाज गोल आणि भरलेला. पलीकडं श्रीमंतची मशीन थांबली.

"मिस्तरी, झालं की रं," तो म्हणाला.

दुसरा कुणी असता तर इथं निरोप धाडता. बिभीषण त्या दिवशी नेवाशाला लग्नाला गेला होता, संध्याकाळी येणार होता. तेवढ्या वेळात गहिनीनाथनं, केवळ समाधानापायी, आतल्या रेझिस्टरांवर एकदा नजर टाकली. चौदा रेझिस्टर होते आणि चौदाही जुन्या पद्धतीचे. अंग, टोक, ठिपका. पंचेचाळीस वर्षांनी कुणीतरी शटर ओढून त्याच्यासमोर मूठ उघडली होती.

पहिल्याचं अंग तपकिरी, टोक काळं, ठिपका लाल. दहा, पुढं दोन शून्यं. एक हजार. त्यानं खात्रीसाठी अडसर मोजायचा मीटर लावला. मीटरनं एक लाख पाच हजार दाखवलं.

दुसऱ्याचं अंग तपकिरी, टोक हिरवं, ठिपका पिवळा. पंधरा, पुढं चार शून्यं. दीड लाख. मीटर म्हणाला सोळाशे.

संध्याकाळपर्यंत त्यानं चौदाही पाहिले. चार जण बोलल्याप्रमाणं निघाले. बाकीचे काही शंभर पट चढलेले, काही शंभर पट उतरलेले, दोन-तीन दहा पट इकडं-तिकडं. जुना रेझिस्टर वयानं चढतो, हे मास्तरांनी सांगितलं होतं. पण दीडपट, दुप्पट. शंभर पट कुणी चढत नाही. आणि उतरलेला तर त्यानं जन्मात पाहिला नव्हता.

"न्ह्यायला सांगू का बिभीषणला?" दुकान बंद करताना श्रीमंतनं विचारलं.

"थांब. वाजतंय, पण चुकीचं वाजतंय."

श्रीमंतनं यावर थोडा विचार केला. "म्हंजी?"

"म्हंजी वाजाया नाय पायजे ते."

इथून पुढचे तीन आठवडे गहिनीनाथ संशोधनात होता. जिथं मूळ ग्रंथात लेखनिकाचा हात चुकलेला असतो तिथंच भाष्यकार जास्तीत जास्त पानं लिहितात. गहिनीनाथला वाचनाची सवय नव्हती, पण वृत्ती तीच होती. आधी त्यानं मीटरवर संशय घेतला. बॅटरी बदलली. तरी आकडे तेच. श्रीरामपूरहून दुसरा मीटर आणला. दोन्ही मीटरांचं एकमेकांशी पटलं, ठिपक्यांशी नाही.

मग डोळ्यावर संशय. दोन वर्षांपूर्वी डाव्या डोळ्यात नवं भिंग बसवलं होतं. ते पिवळं पडलं असेल आणि पांढऱ्याचं पिवळं दिसत असेल, अशी त्याला शंका. तो श्रीरामपूरला डोळ्यांच्या डॉक्टरांकडं गेला. डॉक्टरांनी रंगीत ठिपक्यांत लपवलेले आकडे असलेलं पुस्तक समोर धरलं. त्यानं सगळे आकडे वाचले, एका पानावर तर डॉक्टरांच्या आधी.

"तुम्हाला काही झालेलं नाही," डॉक्टर म्हणाले.

"लिहून द्या," गहिनीनाथ म्हणाला.

तो दाखला घेऊन एसटीनं परत येताना त्याचा गोंधळ पूर्ण झाला. डोळा बरोबर, मीटर बरोबर, मास्तरांची विद्या बरोबर, तरी तिघांचा मेळ नाही. आता संशयाला एकच माणूस उरला होता: ज्यानं पेटी बनवली तो. त्याचं नाव माहीत नसल्यामुळं गहिनीनाथ त्याला साहेब म्हणू लागला.

"साहेबानं मुद्दाम केलंय हे," तो श्रीमंतला सांगे. "बघ, एकाआड एक हाय. लाल, पिवळा, लाल, पिवळा. योगायोगानं असं व्हतंय का कुठं?"

"न्हाई," श्रीमंत म्हणे. एकाआड एक बटणं लावणं हा त्याचाही धंदा होता, आणि त्यात योगायोग नसतो हे त्याला ठाऊक होतं.

"त्यानं एक चढवायचा, एक उतरवायचा, असा हिशेब मांडला असंल. लष्कराचं काम. दुसऱ्याला कळू नाय म्हनून."

"गिटार वाजवायच्या पेटीत लष्कर काय लपिवतंय?"

या प्रश्नावर गहिनीनाथनं दोन दिवस घालवले. तिसऱ्या दिवशी त्यानं निकाल दिला. कुणीतरी मागाहून तापवून तापवून रेझिस्टर बिघडवले. साहेबाचा मूळ हेतू ठिपक्यांत आहे, मीटर सांगतो ती नंतरची भेसळ. ठिपका मनुष्य लावतो, आणि लावणारा विचार करून लावतो. तो नगरला जाऊन ठिपक्यांप्रमाणं नवे चौदा रेझिस्टर घेऊन आला, आणि पाच दिवस बसून त्यानं एकेक बदलला. काढलेला कुठलाही भाग तो फेकत नसे. तांब्याच्या बारीक तारेत काढलेल्या क्रमानं ओवून ठेवायचा, दर व्हॉल्व्हमागं एक गाठ. हेच त्याचं दप्तर. लिहिणं त्याला जमत नसे, म्हणजे येत असे, पण लिहिलेलं मागाहून पटत नसे.

चौदावा बसल्यावर त्यानं बेंजो जोडून तार छेडली. काडेपेटीत डास कोंडल्यासारखा आवाज आला. आवाजाची कळ पूर्ण फिरवली. डास जरा जवळ आला.

दर दोन दिवसांनी बिभीषण सायकलवरून चक्कर टाकायचा.

"काय म्हनतीया?"

"साहेबाचं डोकं लई चाललेलं हाय हिच्यात."

"साहेबाचं जाऊं दे. पाडव्याला वाजंल का?"

"आता ती बरोबर हाय. फकस्त वाजत न्हाई."

बिभीषण सायकलला टेकून उभा राही. हाताची बोटं हँडलवर बटणं दाबल्यासारखी हलत, मग तो ती मुठीत घेई. "आसाराम इचारीत हुता," एवढंच सांगून तो जायचा. शेवटच्या खेपेला तो सायकलवरून उतरलाही नाही.

पाडव्याच्या दिवशी सकाळी आठ वाजता दगडाबाई आल्या. घरची गुढी उभी करून, नव्या लुगड्यात, हातात ताट. बिभीषण मागं पिशवी धरून होता. सणाच्या दिवशीही गहिनीनाथ दुकान उघडून पेटीसमोर बसला होता, हातात काही न घेता.

"भाऊजी, पेटीची पूजा करायची हाय," त्या म्हणाल्या. "अकरा वर्सं माळ्यावर हुती तरी चुकीवली न्हाई. आन् औंदा तर तिचं काम हाय."

गहिनीनाथनं आधी प्लग काढला. मग कंडेन्सरमधली साठलेली वीज चासीला, म्हणजे आतल्या पत्र्याच्या सांगाड्याला टेकवून रिकामी केली. मग म्हणाला, "या."

दगडाबाईंनी ताटातून मेणाची डबी काढली. एक आगकाडी काढली आणि तिच्या उलट्या टोकाला मेण घेतलं. त्या खाली वाकल्या आणि उघड्या पाठीतून आत हात घालून त्यांनी पहिल्या रेझिस्टरच्या मधोमध मेणाचा ठिपका दिला. त्यावर कुंकू दाबलं. दुसऱ्याला मेण, त्यावर हळद. तिसऱ्याला कुंकू. चौथ्याला हळद. नव्या रेझिस्टरांना पट्टे असतात, ठिपक्याला जागा नसते. दगडाबाईंनी जागा काढली. कामात सफाई होती. चौदा झाल्यावर त्यांनी इकडं-तिकडं पाहिलं. खिळ्याला तारेत ओवलेली जुन्या रेझिस्टरांची माळ लटकत होती. हा पेटीचाच हार असणार असं समजून त्यांनी ती काढली आणि पेटीला घातली.

माळेतले जुने ठिपके आणि आतले ताजे ठिपके आता शेजारी-शेजारी होते. आकार एक. जागा एक. लाल, पिवळा, लाल, पिवळा.

गहिनीनाथनं वाकून आधी माळ पाहिली, मग आतले ठिपके. मग म्हणाला, "वहिनी. हे दरसाल करता?"

"दसऱ्याला करतो. आन् पाडव्याला."

"आतल्या समद्यांना?"

"मंग? ह्यांनीच सांगितलं हुतं मला, लगीन झालं त्या साली. म्हनले, हिच्यातला एक बी पार्ट रुसला तर पेटी बंद. म्हनलं कशाला कुनाला रुसू द्या."

बिभीषण गल्लीकडं पाहू लागला.

"आन् मधीच का लावता?"

दगडाबाईंना प्रश्न कळला नाही. "कपाळ मधीच आसतं न्हवं?" त्या म्हणाल्या.

"आन् मेन?"

"मेनाबिगर टिकतंय का? दोन म्हैन्यात उडून जाईल. मेन लावलं की पक्कं."

ते पक्कं होतं यात गहिनीनाथला शंका नव्हती. त्यानं माळ हातात घेतली, चिंधीला रॉकेल लावलं आणि पहिला रेझिस्टर पुसला. बरेच थर होते. कुंकू गेलं, मेण गेलं, काजळी गेली, आणि खाली एक लहानसा पिवळा ठिपका निघाला. तपकिरी, काळा, पिवळा. दहा, पुढं चार शून्यं. एक लाख. दुसरा पुसला. हळदीखाली लाल. दीड हजार. मास्तर बरोबर होते. मीटर बरोबर होता. डोळ्याचं तर लेखीच होतं.

"पुसलं व्हय?" दगडाबाई म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, नोंद होती.

"वहिनी, पुन्हा लावू. पर ह्यांना नको." त्यानं आत पाहिलं आणि ट्रान्सफॉर्मरच्या लोखंडी टोपणावर बोट ठेवलं. "ह्याला लावा. लागंल तेवढं लावा. ह्याला कितीबी लावलं तरी फरक पडत न्हाई."

"मोठा पार्ट दिसतो," त्या म्हणाल्या, आणि त्याला पाच बोटं ओढली.

सव्वानऊ वाजले होते. माळेतल्या गाठींप्रमाणं तो एकेक रेझिस्टर परत बसवत गेला. पाच दिवसांचं काम साडेचार तासांत झालं, कारण या वेळी त्याला कशाचाही अर्थ लावायचा नव्हता. श्रीमंत घरून पुरणपोळी घेऊन आला आणि मशीनवर बसून खात पाहत राहिला. पावणेदोनला पेटीत वीज सोडली. बिभीषणनं बेंजो मांडीवर घेतला, एक बटण दाबलं, तार छेडली. आवाज गोल आला, भरलेला, पाठीमागं थोडी गुरगुर. बिभीषणनं दुसरं बटण दाबलं नाही. त्यानं बेंजो खाली ठेवला आणि "टेम्पो सांगतो," म्हणून बाहेर गेला.

चार वाजता देवळाच्या सभामंडपात बैठक बसली. आसाराम मधोमध, हातात कमिटीची वही. पेटी टेम्पोतून उतरवून खांबाला टेकवली, देवळातल्या बोर्डातून वायर आणली. बिभीषणनं एक जुनी गवळण धरली. पहिल्या दोन ओळींत बोटं अडखळली. तिसरीला ती घरी आली. देवळाबाहेर शेंगदाणे सोलत बसलेल्या बायकांचे हात थांबले, मग परत चालू झाले, पण ठेक्यात.

आसारामनं गवळण संपू दिली. "मधी गुरगुर येती."

"पालखीपुढं लोक गप बसत्यात का?" बिभीषण म्हणाला. "गुरगुर ऐकाया येनार हाय कोन?"

"आवाज जरा जुना वाटतोय."

"जुनाच हाय."

आसारामनं वहीत काहीतरी लिहिलं. मग वही मिटून म्हणाला, "देवळापासनं वेशीपातूर तुमी. जनरेटर कमिटीचा. आन् बिभीषणतात्या, मधी थांबायचं न्हाई." बिभीषणनं मान हलवली. इतके दिवस मुठीत ठेवलेली बोटं त्यानं मांडीवर पसरली.

एवढ्यात खांबामागून श्रीमंत बोलला. त्याला बैठकीत बोलायचा अधिकार नव्हता. तो टेम्पोबरोबर आला होता. "पयल्या आठवड्यात बी आशीच वाजली हुती की."

"कवा?" बिभीषणनं विचारलं.

"तू नेवाशाला लग्नाला गेल्ता तवा."

बिभीषण गहिनीनाथकडं वळला. गहिनीनाथ वायर गुंडाळत होता.

"तवा चुकीची वाजत हुती," तो म्हणाला.

"आन् आता?"

"आता बरोबर वाजतीया."

"फरक काय?"

गहिनीनाथ प्रामाणिक माणूस आहे. त्यानं वायर खाली ठेवून प्रश्नाचा नीट विचार केला. पहिल्या आठवड्यातले रेझिस्टर हेच, जागा हीच, गुरगुरही तीच.

"काय न्हाई," तो म्हणाला.

बिभीषणनं त्याला पेटी टेम्पोत चढवायला हात द्यायला सांगितलं.

पौर्णिमेला पेटी देवळापासून वेशीपर्यंत वाजली आणि बिभीषण मधी थांबला नाही. वेशीपाशी जनरेटरचं डिझेल संपलं, म्हणून तो थांबला. कीबोर्ड पार्टीचा एकजण पाहायला आला होता. त्यानं पेटीच्या मागं जाऊन आत डोकावलं आणि ही कोणत्या कंपनीची म्हणून विचारलं. "साहेबाची," गहिनीनाथ म्हणाला.

जत्रेनंतर त्यानं एक काम केलं जे सेहेचाळीस वर्षांत केलं नव्हतं. पेटीला नवी फळी बसवताना त्यानं कॅलेंडरच्या पानामागं पेटीची पूर्ण आकृती काढली: चार व्हॉल्व्ह, चौदा रेझिस्टर, प्रत्येकाशेजारी क्रमांक आणि किंमत. भाषा त्यानं तालुक्याच्या कचेरीतल्या फलकांवरून घेतली असावी. "सदर आकृतीतील किमती अंतिम समजाव्यात. पेटीतील भागांवर आढळून येणारे ठिपके ग्राह्य धरू नयेत." खाली सही, तारीख. तो कागद त्यानं फळीच्या आतल्या बाजूला चिकटवला, म्हणजे पुढं कधी कुणी पेटी उघडली तर त्याला साहेब शोधत बसावं लागू नये.

दिवाळीआधी नोंद घेणाऱ्यानं लेखी अभिलेख विचारले तेव्हा गहिनीनाथनं या कागदाबद्दल सांगितलं. कागद कुठं आहे म्हटल्यावर पेटीत, पेटी कुठं म्हटल्यावर वाडीला. नोंद घेणाऱ्याला त्या दिवशी आणखी नऊ कारागीर करायचे होते. त्यानं निरंक लिहिलं.

तो वाडीला गेला असता तरी अडचण होती. मधे दसरा होऊन गेला होता. दगडाबाईंनी पूजेसाठी नवी फळी काढली, पण कबूल केल्याप्रमाणं रेझिस्टरांना हात लावला नाही, ट्रान्सफॉर्मरला पाच बोटं ओढली. मग त्यांना फळीवर नवा कागद दिसला. तो पेटीत नव्यानं आलेला होता, आणि त्याला रुसू देण्यात काही अर्थ नव्हता. त्यांनी कागदाच्या मधोमध मेण लावून हळदीचा एक ठिपका दिला. तो रेझिस्टर क्रमांक सातच्या किमतीवर आला आहे. ती किंमत आता वाचता येत नाही.